दुमैरच्या दारातला बैल

बैत उशैश, शनिवार
जिल्काद १३८९

मुतह्हर,

सलाम. खरं म्हणजे वर 'दुमैर किल्ल्याचे सेनापती, इमामांचे उजवे हात' असं काहीतरी लिहायला हवं होतं. पण ज्याच्याबरोबर एका आईच्या अंगावर प्यालो, त्याच्या नावापुढे पदव्या लावायला माझा हात धजत नाही. तूही मागच्या पत्रात मला 'बंडखोरांचा म्होरक्या' म्हणालास. ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्होरक्या कसला! याला अजून कमरेचा पट्टा नीट बांधता येत नाही."

आता कामाचं. सनाहून वायरलेसवर हुकूम आला आहे. समेटाची बोलणी चालू आहेत आणि सह्या होण्याआधी दुमैरवर प्रजासत्ताकाचं निशाण हवं, असं वरच्यांचं म्हणणं. तुमच्याकडच्या बहुतेकांना माफी मिळणार, जमिनी परत मिळणार, काहींना तर म्हणे मोठी पदंसुद्धा. फक्त थोड्या माणसांना माफी नाही. ते हाती लागतील तिथे गोळी. त्या थोड्यांत तू आहेस.

हे वाचून तू हसशील. हसू नकोस. आठ वर्षं मी तुझ्यावर तोफा डागल्या, तू माझ्यावर डागल्यास, आणि तरी आपण दोघे जिवंत आहोत, कारण दोघांनाही एकमेकांच्या खोडी ठाऊक. तू डावीकडून हूल देतोस आणि उजवीकडून येतोस. मी हूल देतच नाही, आळशी आहे. पण आता माझ्याकडे लांब पल्ल्याच्या रशियन तोफा आल्या आहेत आणि त्या चालवणारी पोरं समुद्राकाठची आहेत. त्यांना तुझ्या खोडी माहीत नाहीत आणि माझ्याही नाहीत.

म्हणून सांगतो. किल्ल्याच्या मागून शेळ्यांची वाट उतरते, तिथला माझा पहारा मी उठवतो. तू नजरानला जा, सीमेपलीकडे. तिथे तुला कोणी हात लावणार नाही.

त्या नव्या तोफांवरचा माझा कॅप्टन शायफ आईकडे जेवायला आला होता. शत्रूच्या सेनापतीची खुशाली विचारणारी म्हातारी पाहून त्याचा घास घशातच अडकला. आईने त्याला सांगून टाकलं, "मुतह्हरची आई त्याला जन्म देताना गेली. सय्यदांचं पोर, मऊ मऊ, रडायलाही लाजत होतं. माझा मुकबिल तेव्हा दीड महिन्याचा. एका बाजूला हा, एका बाजूला तो. हा दांडगा, त्याचाही वाटा प्यायचा. तेव्हापासून मी त्या पोराचं देणं लागते." शायफने मग दुसरी भाकरी घेतली नाही.

पत्र भाट रिझकबरोबर पाठवतो आहे. त्याच्या अंगाला दोन्हीकडचा कोणी हात लावत नाही, हे बरं आहे. पण त्याला सांग, माझ्या छावणीत येऊन तुझी स्तुती एवढ्या मोठ्याने ओरडत जाऊ नकोस. माझे शिपाई पाठ करायला लागलेत.

मुकबिल


बाजारातून, गुरुवार
जिल्काद १३८९

मुतह्हर,

तुझं उत्तर पोचलं. तीन ओळी. 'इमामांच्या हातात हात देऊन शपथ घेतली आहे. शेळ्यांच्या वाटेने शेळ्या जातात. इकडे चहा संपला.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्याचसाठी म्हणत असावेत. तुझे इमाम गादी सोडून कधीच सीमेपार जाऊन बसले. शपथ घेतलीस तेव्हा तू वीस वर्षांचा होतास, मीही शेजारीच रांगेत उभा होतो. मी शपथ मोडली आणि त्याची मला लाज वाटत नाही. शाळा नाही, दवाखाना नाही, सूर्य मावळला की शहराची दारं बंद. असल्या राज्यासाठी मरायचं कशाला? तुलाही हे कळतं. सनाच्या फौजी शाळेत हे सगळं आधी तूच बोलला होतास, मी फक्त ऐकत होतो. पण तू बोलणारा आणि मी करणारा, हे पहिल्यापासूनच ठरलेलं.

चहा पाठवतो आहे. साखरही. आईने तुपातली मधाची पोळी दिली आहे. ती रिझकने वाटेत खाल्ली नाही तर तुला मिळेल.

हे पत्र बाजारातच बसून लिहितोय. तुझा शिधेवाला हमूद समोर चघळायच्या कात-पाल्याच्या जुड्या निवडतो आहे, आणि माझा तोफखान्याचा हवालदार त्याच ढिगात हात घालून त्याच्याशी भांडतो आहे. दोघांच्याही बंदुका पाठीला उलट्या. काल हे दोघे एकमेकांवर गोळ्या झाडत होते. बाजाराच्या दिवशी कोणी कोणावर हात उगारायचा नाही, ही रीत आपल्या पणजोबांच्या आधीपासूनची. आठ वर्षांत ना तू मोडलीस, ना मी. सनाचे लोक हसतात. म्हणतात, तुमची लढाई आहे की जत्रा? मी त्यांना सांगतो, आपलेच दात आणि आपलेच ओठ, आठवड्यातून एक दिवस तरी चावू नये.

हमूद म्हणाला, "सेनापती साहेब, आमच्याकडे पाणी आहे, जव आहे, सगळं आहे." आणि मग अर्धं पोतं मनुका उधार मागू लागला. त्याला खोटं बोलता येत नाही, दुसरा माणूस पाठवत जा.

भावा, दुमैर पडणारच आहे. प्रश्न एवढाच, की तू आत असताना पडणार की बाहेर. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. माझा आश्रय घे म्हटलं तर तू घेणार नाहीस, तेही मला माहीत आहे. तसं मी चार लोकांत म्हणालो असतो, 'हा माझ्या तोंडावर, माझ्या आसऱ्याला आहे', तर तुझ्या केसाला धक्का लागला असता तरी काळं माझ्या तोंडाला लागलं असतं, आणि सनापर्यंतचे सगळे कबिले माझ्यासाठी उठले असते. सरकारची हिंमत झाली नसती. पण तू कोणाच्या दारात आसरा मागायला जाणारा माणूस नव्हेस. मग मी करू काय?

मुकबिल


रविवार
ईदचा आदला दिवस, जिल्हेज १३८९

मुतह्हर,

काय झालं ते तुला कळलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहिणं भाग आहे.

सोमवारी ईद, म्हणून बाजार शनिवारीही भरला. ईदचा बाजार दरवर्षीच भरतो. रिझकने गावोगाव ओरडून सांगितलं. आपल्या इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी तोफखान्याला हुकूम दिला होता, 'गुरुवारी तोफा बंद.' गुरुवारी. ईदचा बाजार मला वेगळा सांगावासा वाटला नाही, कारण तो वेगळा सांगावा लागतो हेच माझ्या डोक्यात आलं नाही. समुद्राकाठच्या पोरांना काय माहीत? त्यांना खालच्या खिंडीत माणसं जमलेली दिसली. कॅप्टन शायफला वाटलं, तू फौज उतरवली आहेस. त्याने एक गोळा टाकला.

हमूद गेला. मनुकांच्या पोत्याशेजारीच. चौघे जखमी आहेत, वाचतील. आईही तिथेच होती, ईदच्या पोळ्यांसाठी तीळ घ्यायला गेलेली. तिला खरचटलंही नाही, पण ती डोक्यावर धूळ घेऊन थेट माझ्या तंबूत आली आणि माझ्या अधिकाऱ्यांसमोर म्हणाली, "मेल्या, बाजारात गोळा? तुझ्या बापाने कधी बाजारात आवाजसुद्धा चढवला नव्हता."

शायफ रडतो आहे. त्याला मी काही बोललो नाही. रीतीप्रमाणे चूक तोफेची नसते, सेनापतीची असते. हमूद तुझा माणूस, तुझ्या भरवशावर खाली आलेला. म्हणजे मी तुझा गुन्हेगार. आठ वर्षं तुझ्याशी लढून मला कधी तुझ्यापुढे लाज वाटली नाही. आज वाटते आहे.

तुझ्या तोफांनी आज उत्तर दिलं नाही. का, ते मला कळलं. तू ईद संपायची वाट बघतो आहेस.

मुकबिल


मंगळवार, ईदचा दुसरा दिवस

मुतह्हर,

सनाहून वायरलेस आला: 'दुर्दैवी अपघात. खेद व्यक्त करू नये. कारवाई चालू ठेवावी.' मी शिपायाला म्हटलं, "त्यांना कळव, निरोप नीट ऐकू आला नाही."

आईकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "आई, काय करू?"

"सेनापती मला विचारतो?"

"मुलगा विचारतो."

"मग सोपं आहे. चूक झाली की काय करतात? बैल घेऊन दारात जातात. दारात कापतात. तू काय वेगळा आहेस?"

मी म्हटलं, सरकार मला हाकलेल. हरत आलेल्या सेनापतीच्या दारात जिंकत आलेला सेनापती बैल कापतो, असं कुठे झालंय? ती म्हणाली, "झालं नसेल तर होऊ दे. मला दोन मुलगे आहेत, सरकार मला एकही नाही."

आणि तेव्हा मला उमगलं, मुतह्हर. आसरा घ्यायला तू खाली येणार नाहीस, पण न्याय घ्यायला येशील. दारात बैल कापला गेला, तर तो नाकारता येत नाही. मग दोघांनीही कमरेच्या वाकड्या सुऱ्या, आपापल्या जंबिया, पंचाच्या हातात द्यायच्या आणि त्याच्यापुढे बसायचं. आणि न्याय मागायला निघालेल्या माणसाला वाटेत कोणी शिवत नाही. सनाचाही कोणी नाही. शिवला तर इथून राजधानीपर्यंतचा रस्ता सरकारला एका रात्रीत परका होईल. त्यांना हे माझ्याहून चांगलं समजतं, ते फक्त वायरलेसवर बोलत नाहीत.

हे मी डाव म्हणून करतोय असं समजू नकोस. हमूदची लाज खरी आहे. डाव नंतर सुचला. तू मला ओळखतोस, माझ्याकडून हूल देणं होत नाही.

अडचण बैलाची. ईदला खोऱ्यातलं कापण्यासारखं सगळं कापून झालं. शेळीसुद्धा शिल्लक नाही. मी कबिल्याच्या शेख हिझामकडे माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. आईने ऐकलं आणि गोठ्यात गेली. नांगराच्या जोडीतला तांबडा सोडून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आई, पेरणी तोंडावर आहे, एका बैलाने कशी नांगरशील?" तिने माझ्या हातात दोर कोंबला. "बैल पुन्हा मिळतो," म्हणाली. मी तिच्या पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला नाही, अजून राग गेला नव्हता.

उद्या सकाळी वर येतोय. मी, तांबडा आणि रिझक. बंदूक नाही. डोक्याचं पागोटं गळ्यात घालून, गुन्हेगार जातो तसा. तुझ्या शिपायांना गोळी घालायची असेल तर मला घालू देत, पण बैलाला लागता कामा नये. आई जाब विचारेल आणि तो तुलाच द्यावा लागेल.

मुकबिल


बैत उशैश
मुहर्रम १३९०

मुतह्हर,

तुम्ही दोघे नजरानला सुखरूप पोचल्याचं मालवाहू ट्रकवाल्याने सांगितलं. बाकी काहीच सांगितलं नाही. मी विचारलं, "म्हातारी कशी होती?" तो म्हणाला, "वाटेत मला तीनदा शिव्या दिल्या." तेवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला.

मला सेनापतिपदावरून काढलं आहे. कागदावर 'सल्लागार' केलंय, म्हणजे घरी बसायचं. ज्या माणसाने गोळी न झाडता दुमैर घेतला त्याला घरी, आणि माझ्या जागी जो आला तो रिकाम्या किल्ल्यात जाऊन फोटो काढून आला. हसलास तर हस. तू गेल्यापासून कोणी नीट हसलेलं मी पाहिलं नाही.

तू मला दुपारपर्यंत दारात उभं ठेवलंस, ते मी विसरलेलो नाही. रीत आहे, मान्य. पण उन्हात? बैल वैतागून माझं पागोटं चघळायला लागला होता. रिझक ओरडून ओरडून घोगरा झाला. तुझे शिपाई बुरुजावरून बघत होते. त्यांतल्या एकाने हळूच खाली पाण्याची मशक सोडली, कोण होता ते मी सांगणार नाही. आणि मग तू आलास. किती वाळला होतास रे. मी सुरी काढली, दोर हातातून निसटला, आणि तू बैलाचं शिंग धरून म्हणालास, "नीट कर. लहानपणापासून अर्धवट कामं." आठ वर्षांनी ऐकलेला तुझा आवाज, आणि तोही टोमणा. मी तिथेच रडलो. पांढऱ्या दाढीने, दोन्ही फौजांसमोर. तू तोंड फिरवलंस, पण तुझे खांदे मी पाहिले.

आता खरं बोलतो. मी तुझ्यावर रागावलो आहे.

खाली बाजारात पंच म्हणून शेख हिझाम बसला. आपल्या दोघांच्या जंबिया त्याच्या मांडीवर. हमूदच्या भावांना रक्ताची भरपाई मिळाली, त्यांनी माझा हात धरला. तुला सीमेपर्यंत वाट मिळाली, तुझ्या शिपायांना घरची. मग शेखने तुला विचारलं, तुझा माणूस मारून तुझा मान मोडला, त्यासाठी मुकबिलकडून काय हवं? जे मागशील ते त्याला द्यावं लागेल. मला वाटलं, तू माझी मान मागितलीस तरी देईन. आणि तू म्हणालास, "माफ केलं."

तिथेच सगळं संपायला हवं होतं.

पण बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला, "मी नाही केलं."

शेख हिझाम हसत म्हणाला, "गालियामावशी, तुझं काय आता?"

"बाजारात गोळा पडला तेव्हा मीही बाजारात होते. माझाही मान मोडला. की माझा मान म्हणजे मनुका?"

"खरं आहे. माग, काय हवं?"

मला वाटलं, बैल मागेल. जोडीला दुसरा. मी तर मनात बैल ठरवूनही टाकला होता. आणि ती उठली, आपलं गाठोडं काखोटीला मारलं. गाठोडं ती बांधूनच आली होती, मुतह्हर, हे तू पाहिलंस? ती म्हणाली, "याला देश मिळाला, किल्ला मिळाला, सरकार मिळालं. त्याला काय मिळालं? परक्या गावात परक्या हातची भाकरी. मी त्याच्याबरोबर जाणार. याच्याकडून मला हेच हवं. याने मला अडवायचं नाही."

तू लगेच म्हणालास, "नको, आई." हे मी ऐकलं, आणि त्याबद्दल तुझा आभारी आहे. पण तिने तुझ्याकडे पाहिलंही नाही. शेखने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तुझ्यावर राग याचा, की तू तिला गाढवावर बसवताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी काही केलं नसतं. पण बघायला हवं होतंस.

मुकबिल


बैत उशैश
सफर १३९०

भावा मुतह्हर,

तुझं पत्र आलं. राग गेला. तसाही तो माझ्याकडे फार टिकत नाही, तुझ्यासारखा सांभाळून ठेवायचा गुण माझ्यात नाही. तू लिहिलंस, तू माझ्याकडे बघितलं नाहीस, कारण बघितलं असतंस तर तिला खाली उतरवून माझ्या हवाली केलं असतंस. असू दे. बरं केलंस.

इकडे समेट झाला. तुमच्यातले बरेच जण परत आले. परवा बाजारात तुझ्या बुरुजावरचा एक पहारेकरी भेटला. आता तो सरकारी कचेरीत चपराशी आहे आणि मला सलाम ठोकतो. ज्यांना परत यायला मनाई आहे, त्यांच्यासाठी मी अर्ज केला होता. सनाच्या साहेबांनी सांगितलं, काही वर्षं तरी नाव काढू नका. किती वर्षं, ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही, आईचं वय त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं.

तिच्याविषयी तू लिहितोस, 'ठीक आहे, पाय दुखतात.' एवढंच? ती तिथे काय करते? शेजारणींशी भांडते का? तिकडच्या विहिरीचं पाणी तिला रुचतं का? खारं पाणी तिला कधीच चाललं नाही. माझी आठवण काढते का, हे विचारत नाही. काढत असेल तर लिही. नसेल तर काहीतरी लिही.

मी शेत नांगरलं. शेख हिझामने आपला नांगराचा बैल जोडीला दिला. चुलीचं मात्र जमत नाही. सेनापती होतो, रणगाडे हलवले, आणि आता पीठ मळताना हाताला चिकटतं ते सुटत नाही. शायफ अधूनमधून येतो, तो समुद्राकाठचा, त्याला मासे तळता येतात, इथे मासे कुठून आणू? आम्ही दोघे करपलेलं खातो.

तिला हे सांग. सांगितलंस की ती तुझ्यासमोर माझ्या नावाने शिव्या देईल. मुडद्या म्हणेल, आळशी म्हणेल, बायको मेल्यावर दुसरी केली नाहीस त्याची फळं भोग म्हणेल. मुतह्हर, तू सय्यद आहेस, शिकलेला आहेस, तुझी पत्रं नेहमी स्वच्छ असतात. ती जे बोलेल ते या वेळी तसंच्या तसं लिही. एकही शिवी गाळू नकोस. इथे आता मला सगळे साहेब म्हणतात.

तुझा
मुकबिल